खालच्या सुराची फाइल

जेबाच्या कॉम्प्युटरवर आवाजांचं एक फोल्डर होतं आणि त्याच्यावर तिचा दागिन्यांपेक्षा जास्त जीव होता. दागिने तसे फार नव्हतेच म्हणा. पण असते तरी तिने आधी फोल्डरच उचललं असतं.

त्यात काय काय होतं ते ऐकलं तर कुणालाही वाटेल, या पोरीला काही कामधंदा नाही. एका फाइलीत नुसती शांतता. एकीत एकसुरी शिट्टी. एकीत कुकर, एकीत तिचे अब्बा नजीरमियाँ घसा खाकरून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणतात, आणि एक तर मुद्दाम मधेच फाडून ठेवलेली, जी वाजूच नये. हाच तिचा कामधंदा होता. हरिओम नावाच्या पोराने लेक्चरं वाजवणारा एक प्रोग्राम लिहिला होता आणि तो कुठे कुठे आपटतो हे शोधून काढायचा पगार जेबाला मिळायचा. प्रोग्रामात काडीचा बदल झाला की ती सगळं फोल्डर पहिल्यापासून वाजवायची. शांतता शांतच वाजली पाहिजे. फाटकी फाइल दिली तर प्रोग्रामने गपगुमान 'वाजत नाही' म्हणून सांगावं, कॉम्प्युटर बंद पाडून बसू नये.

या सगळ्या फाइली खुल्या पद्धतीच्या होत्या. म्हणजे त्या वाजवायला कुठल्या कंपनीला पैसे द्यायला नकोत आणि त्यांची आतली बांधणी कुणालाही उघडून बघता येते. हरिओमचे कॉम्प्युटर जुन्या बाजारातले, त्यामुळे फुकट आणि खुलं ते सगळं त्याला प्यारं. जेबाला मात्र त्यातली दुसरी गोष्ट आवडायची. तिने तिच्या फाइली इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिल्या होत्या. घ्या आणि तुमचेही प्रोग्राम आपटून बघा. नजीरमियाँचं "हॅलो, हॅलो" कुठल्या कुठल्या देशात वाजत असेल या विचाराने ती एकटीच हसायची.

फोल्डरातली सातवी फाइल खालच्या सुराची होती. माणसाच्या कानाला जिथे काही ऐकूच येत नाही तिथून तो सूर सुरू व्हायचा आणि हळूहळू वर चढायचा. आधी ऐकू यायचंच नाही, क्लासच्या हॉलमधली बाकं तेवढी थरथरायची. मग पायाखालून घरघर यायची. मोठ्या स्पीकरची खरी परीक्षा तिथेच होते, हे साउंड सर्व्हिसवाल्याच्या पोरीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि ही असली फाइल ती वाजवत होती नांदेडात, दोन हजार सात साली.

ज्यांना ते वर्ष आठवत नाही त्यांना सांगायला हवं. त्या काळात नांदेडची जमीन मधूनच गुरगुरायची. धक्के बारीक, पण आवाज असा की काळजात धस्स व्हावं. लोक अंगणात, मैदानात झोपले. साहेब लोक यंत्रं घेऊन आले, घाबरू नका म्हणाले आणि आपल्या गाडीत बसून निघून गेले. पुढे पुढे नांदेडकर त्यालाही सरावले. आवाज आला की चहा हातात घेऊनच रस्त्यावर यायचे आणि गेला की कपासहित आत. एक मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं, जमीन एकदा बोलली की लगेच गप्प बसत नाही, मागोमाग आणखी एखाददोनदा बोलतेच.

लातूरचे शेषेराव सर मात्र सरावणाऱ्यातले नव्हते.

शेषेराव सर म्हणजे फिजिक्स. लातुरात त्यांच्या क्लासला जागा मिळावी म्हणून आईबाप दहावीच्या निकालाआधीच उन्हात रांगा लावायचे. सर एक आणि पोरं हजार, म्हणून त्यांच्या पुतण्याने, याच हरिओमने, डोकं चालवलं. काकांनी लातुरात बोलायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि नांदेडात स्पीकरवर ऐकवायचं, सोबत पडद्यावर आकृत्या. नांदेड चाललं की मग किनवटच्या वसतिगृहांपर्यंत. वजिराबादेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हॉल घेतला. आवाज घुमू नये म्हणून नजीरमियाँनी खिडक्यांना आतून गाद्या ठोकल्या. बाहेर वरात गेली तरी आत कळायचं नाही. खाली उतरायला जिना एकच, तोही दोन माणसं घासून जातील एवढा.

हॉल बघायला सर पहिल्यांदा आले तेव्हा जेबा नेहमीप्रमाणे फोल्डर वाजवत होती. खालच्या सुराची फाइल लागली. बाकं थरथरली आणि सर दिसेनासे झाले. म्हणजे अक्षरशः. एक चप्पल बाकाखाली, दुसरी जिन्यात, आणि सर अनवाणी भर रस्त्यात, मागे रिक्षावाले हॉर्न मारताहेत.

हरिओम वर पोट धरून हसला. जेबाला हसू आलं नाही. चपला घेऊन ती खाली गेली.

"माफ करा सर. माझी फाइल होती ती."

सरांनी चपला घातल्या, पण वर यायचं नाव घेईनात. शेवटी तिच्याकडे न बघता बोलले, "औसा तालुक्यात गाव होतं आमचं. गणपती बुडवून आलो होतो त्या राती. सगळे झोपले, मी एकटाच जागा. हा आवाज आधी मला आला. मी पळालो पोरी. बायकोला, सिंधूला, हाक मारायला बी थांबलो न्हाई. ती आन् लेकरू आतच राहिले."

लोक त्यांना म्हणायचे, भूकंपापुढे कुणाचं काय चालतं. खरंच होतं ते. पण सर जिथे जात तिथे आधी दार बघत, दाराजवळची जागा धरत आणि लातुरात स्वतःचा बंगला असून ओट्यावर झोपत.

जेबाने त्या दिवशी एक रीत ठरवली. खालच्या सुराची फाइल लावायच्या आधी ती हात वर करायची आणि मोठ्याने म्हणायची, "आवाज माझा!" मगच बटण दाबायची. सर येत राहिले, ती वाजवत राहिली. आधी ते उंबऱ्याबाहेर उभे राहून ऐकायचे, मग आत, आणि एक दिवस चक्क बाकावर बसून, दोन्ही हातांनी फळी आवळून. घामाने सदरा भिजला, पण फाइल संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. जेबाला इतका आनंद झाला की तिने सगळ्यांना समोसे आणले. पुढे सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मी छताखाली बसतो ते या पोरीच्या शब्दावर."

असला शब्द सांभाळणं किती अवघड असतं, ते तिला उद्घाटनाच्या दिवशी कळलं.

हॉल पोरांनी गच्च भरला होता. पहिला तास सर स्वतः घेणार होते, रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवसापासून. पोरांचे मोबाइल हरिओमने खाली पेटीत जमा केले होते. जेबा कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. लॅपटॉप बंद, नजीरमियाँचा जुना अ‍ॅम्प्लिफायर फक्त सरांच्या माइकपुरता चालू. लॅपटॉपची वायर तिने काढून हातात गुंडाळून ठेवली होती.

सर फळ्याकडे वळले, वेग म्हणजे काय ते सांगू लागले, आणि बाकं थरथरली.

मग पायाखालून घरघर आली. फळ्याखालचा खडू घरंगळत खाली पडला. सरांचं वाक्य तोंडातच राहिलं. पहिल्या बाकावरची पोरं अर्धवट उठली, मागच्यांनी माना उंच केल्या, कुणीतरी दप्तर ओढलं. सर वळले ते थेट जेबाकडे. डोळे विचारत होते. तुझा की जमिनीचा?

वायर जेबाच्या हातात होती. तिला शंका घ्यायलाही जागा नव्हती.

आणि तिला जिना दिसला. दोनशे पोरं आणि तो दोन माणसांचा जिना. पुढचा पाय घसरला की मागचा त्याच्यावर, त्याच्यावर आणखी मागचा. तिने विचार केला असं म्हणणं खोटं होईल. तिचा हात वर गेला आणि तोंडातून निघालं, "आवाज माझा!"

घरघर तेवढ्यात थांबलीही. पोरं 'हुश्श' करून बसली, मागून कुणीतरी शिट्टी मारली, हसण्याची लाट उठली. सरांनी टेबलाची कड सोडली. चेहऱ्यावर परत रंग आला. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली, अशी, की जेबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी खाली वाकून खडू उचलला आणि वेग पुढे चालू केला.

हे तिच्या गणितातच नव्हतं. तिला फक्त ती पहिली धाव थांबवायची होती. आता सगळं एवढं थांबलं की कुणी उठायला तयार नाही. खिडक्यांवर गाद्या, बाहेरचं काही कळायला मार्ग नाही, आणि तिच्या शब्दावर दोनशे पोरं वहीत व्याख्या उतरवून घेताहेत.

ओढणीआड तिचा फोन थरथरला. अब्बा. नजीरमियाँचं दुकान याच इमारतीच्या खाली होतं.

"बेटा, नीचे उतर जल्दी! पूरा बजार रोड पे आया. पिछली गल्ली में छज्जा गिरा. बच्चों के माँ-बाप आरै, ऊपर चढ़ते बोलरै."

पोरं उतरायला लागली आणि आईबाप चढायला, तर त्या जिन्यात काय होईल याचं चित्र डोळ्यांपुढे आलं. ती टेबलाखाली वाकून कुजबुजली, "अब्बा, जीने पे खड़े रहो. ऊपर किसी कू आने नक्को देव. बच्चे आरै बोलो, सामने के मैदान में भेजो सब कू."

"और तू?"

"आती मैं भी. फोन रखो."

ती भिंतीकडेने हरिओमपर्यंत गेली आणि त्याला खरं सांगितलं. हरिओमने लगेच दाराला कडी घातली.

"गेला न धक्का? मंग झालं. आता तोंड उघडलंस तर चेंगराचेंगरी होईल, अन् काका पयले पळतील. त्यायच्या मागं सगळे. गप बस, तास संपू दे."

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. सरांना सांगावं तर सर पळणार. सर पळाले की पोरं पळणार, आणि जिन्यात तेच होणार जे टाळायला ती खोटं बोलली होती. न सांगावं तर जमीन दुसऱ्यांदा बोलायची वाट बघायची, गाद्या ठोकलेल्या हॉलमध्ये, जुन्या छताखाली. तिला रडावंसं वाटत होतं, हरिओमच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती आणि अब्बांकडे पळून जावंसं वाटत होतं, तिन्ही एकदम.

"कडी काढ," ती म्हणाली. "कायबी हो, पयले कडी काढ."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, हरिओमने कडी काढून दार उघडं केलं.

माइकची वायर नीट करायच्या निमित्ताने ती सरांच्या टेबलाशी गेली. आधी माइक बंद केला. मग ती मुद्दाम सर आणि मधली वाट यांच्यामध्ये उभी राहिली.

"सर, मघाचा आवाज माझा नव्हता."

सरांना कळायला क्षण लागला. "तू हात वर केलास."

"हाव सर. खोटं बोलले मी."

सरांचे डोळे दाराकडे गेले. मधली वाट मोकळी होती, दार उघडं होतं. त्यांचा एक पाय उचललेला तिला दिसला. ती बाजूला झाली नाही. लातूरच्या एवढ्या मोठ्या सरांची वाट अडवायची म्हणजे काय, हे तिला नंतर आठवून घाम फुटायचा. तेव्हा नाही फुटला.

"तुमी गेलात तर सगळे तुमच्या मागं धावतील सर. जिन्यात मरतील पोरं."

"मला न्हाई जमणार, पोरी." ओठ जेमतेम हलले. "तुला म्हाईत हाय माझं."

"जमंल सर. एकेक बाक खाली सोडायचं. तुमचं ऐकतेत ते, माझं ऐकणार न्हाईत."

"आन् मधीच परत आला तर?"

याचं उत्तर तिच्याकडे कधी तयार झालं होतं, तिचं तिलाच कळलं नाही. "मी माझी फाइल लावते, खालच्या सुराची. मोठ्यानं, थांबू न देता. खाली सगळे निघोस्तर वाजत राहील. परत आला तरी त्यातच जाईल. पोरायला कळणार न्हाई."

"आन् मला?"

"तुमालाबी न्हाई."

ज्या आवाजाने त्यांचं सगळं नेलं तोच आवाज कानांत भरून घ्यायचा, तिथेच उभं राहायचं, आणि यातला तिचा किती, जमिनीचा किती, हे विचारायचंसुद्धा नाही. ती काय मागतेय हे तिला पुरतं ठाऊक होतं.

सरांनी माइक चालू केला.

"ऐका रे! आज या हॉलची परीक्षा हाय. ही जेबा आवाज वाजवंल. मागचं बाक पयले उठंल, मंग त्याच्या पुढचं. दप्तरं हितंच. खाली जायचं, समोरच्या मैदानात उभं राहायचं आन् आवाज कुठवर येतो ते मला सांगायचं." ते थांबले. दाराकडे एकदा बघितलं. "जो कुणी धावंल, ढकलंल, त्याची जागा उद्या दुसऱ्याला. रांग मोठी हाय बाहेर."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं होतं. शेषेराव सरांच्या क्लासमधली जागा! त्यासाठी कुणाच्या बापाने बैल विकला असेल, कुणाच्या आईने पाटल्या. एकानेही धावायचं मनात आणलं नसतं.

जेबाने लॅपटॉप चालू केला, वायर जोडली, आवाज पूर्ण वाढवला आणि सातवी फाइल लावली. थरथर आली, घरघर आली, वर चढली, संपली, परत पहिल्यापासून. पोरांनी कानात बोटं घातली आणि खिदळू लागली. हरिओम एवढा वेळ खांबासारखा उभा होता, तोही पुढे झाला आणि आधी उठलेल्या मागच्या बाकाच्या पुढे जिना उतरू लागला, "हळू, हळू, भिंत धरा" करत.

सर दारात जाऊन उभे राहिले. दाराबाहेर नव्हे, आत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या खांद्यावर ते हात ठेवत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, सर पोरांना आशीर्वाद देताहेत. जेबाला दिसत होतं की ते पोरांना धरून स्वतः उभे आहेत. सदऱ्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. दर वेळी सूर खालून चढू लागला की त्यांच्या मानेची शीर फुगायची, आणि एक खांदा सुटून दुसरा हाताखाली येईपर्यंत तो हात दाराची चौकट आवळायचा.

बाकं रिकामी होत होती. मागची गेली, मधली निघाली. जिन्यातून हसण्याचा आवाज वर येत होता आणि त्याखाली नजीरमियाँचा, पन्नास वरातींत कमावलेला गळा, "मैदान में, मैदान में! अम्मा, तुम भी उधरीच चलो!"

अ‍ॅम्प्लिफायर तापला होता. जुनं यंत्र, आयुष्यभर गाणी वाजवलेलं, त्याला हा असला सूर इतका वेळ कोण वाजवायला लावतं? जेबाने वरून हात ठेवून बघितला आणि चटका बसून काढून घेतला. मनातल्या मनात ती त्याला विनवत होती, थोडं थांब बाबा, एवढी पुढची बाकं जाऊ दे.

पुढच्या दोन बाकांवरच्या मुली उठल्या आणि यंत्रावरचा लाल दिवा विझला. फ्यूज उडाला.

घरघर मात्र चालूच होती.

जेबाला आधी वाटलं, कानात राहिलाय आवाज. मग तिने टेबलावर तळहात टेकला. टेबल थरथरत होतं. मुका स्पीकर आपल्या जागेवर हलत होता. ती ओरडली नाही. ओरडू नये म्हणून तिने दातांत ओढणी धरली आणि मेलेल्या यंत्राच्या बटणावर बोटं तशीच ठेवली, जणू तीच वाजवतेय. समोरून बघणाऱ्याला काही वेगळं दिसू नये. विशेषतः दारातल्या माणसाला.

"मॅडम, बस करा की आता!" चाकूरची सुकन्या हसत ओरडली आणि दारातून माघारी वळली. "माझी पिशवी राहिली सर, डबा हाय त्यात."

"पिशवी राहू दे."

"सर, एका मिनटात—"

"राहू दे म्हनलो न!" सरांनी तिला दंडाला धरून फिरवलं आणि बाहेर काढलं. "डब्याचं मी बघतो. चल, उतर."

तुळईजवळून चुना भुरभुरला. मग हाताएवढा एक पोपडा सुटून पहिल्या बाकावर पडला, जिथे जरा वेळापूर्वी सुकन्या बसली होती. शेवटची मुलगी जिन्याच्या वळणाआड गेली.

"जेबा, चल आता!"

ती धावली. फोल्डर, लॅपटॉप, सगळं तिथेच राहिलं. दारात सरांनी तिला पुढे घातलं. "तू पुढं हो," म्हणाले. मग तिच्या मागून, भिंतीला हात लावत, एकेक पायरी ते उतरले.

मैदानात जत्रा भरली होती. आईबापांनी पोरांना छातीशी धरलं होतं आणि पोरांना कळत नव्हतं यांना झालं तरी काय. मग बातमी एका तोंडून दुसऱ्या तोंडी गेली आणि हसणारी पोरं हळूहळू गप्प होत गेली. इमारत उभीच होती, वरच्या कठड्याचा तेवढा तुकडा फुटपाथवर पडला होता. कुणाला खरचटलंही नव्हतं. नजीरमियाँनी जेबाचं डोकं दोन्ही हातांत धरलं, दोन शिव्या दिल्या आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

शेषेराव सर एका कडेला मातीतच बसले होते. जेबा त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा तिथे आला. सगळा गोंधळ त्याच्या डोक्यावरून गेला होता. सरांनी दिलेलं काम मात्र त्याच्या ध्यानात होतं.

"सर, लई लांबवर आला आवाज. हितं पायाखाली कळत होता, मैदानात!"

त्याला कुणीतरी हाक मारली, तो गेला. सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. आयुष्यभर फिजिक्स शिकवलेला माणूस तो. दुसऱ्या मजल्यावरचा स्पीकर मैदानातल्या पायाखाली कळत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"शेवटी शेवटी, सुकन्या माघारी फिरली तेव्हा. तो कुणाचा होता?"

माझा, असं म्हणणं किती सोपं होतं. तसं म्हटलं असतं तर उद्या हा माणूस पुन्हा छताखाली बसला असता. पण एकदा हात वर करून झाला होता. त्यांना पुन्हा फसवायची तिची छाती झाली नाही.

"जमिनीचा, सर. माझा फ्यूज आधीच उडाला होता."

"तेव्हा मी कुठं होतो?"

"दारात होतात. तिला पिशवी ठेव म्हणून रागावत होतात."

"पळालो न्हाई?"

"न्हाई सर. उभे होतात तुमी. शेवटपर्यंत."

जेबाला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. निदान हायसं तरी वाटेल. सरांनी खडूने पांढऱ्या झालेल्या आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, अगदी हळू, "मंजे त्या रातीबी जमलं असतं."

ती त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि दिवस मावळेपर्यंत दोघंही तिथून उठले नाहीत.